बाइंडरने न वाचलेली पुस्तकं

"आणखी एक आणलंय." बाइंडरनं पिशवीतून कादंबरी काढून बायकोच्या उशाशी ठेवली. "हिच्यात नायिका तीनदा जन्माला येते म्हणे."

"म्हणे काय? तुम्हीच शिवलीत ना ही?"

"शिवायला वाचावं लागतं होय?"

ती हसली. तीस वर्षं हा माणूस वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवत होता, खळ लावत होता, पुठ्ठे चढवत होता. पण वाचायचं म्हटलं की जांभई. मागच्या पानावरचा मजकूर तेवढा बघायचा, तोही पुठ्ठा उलटा बसू नये म्हणून.

तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दिवसाला मोजून अर्धा कप चहा. नवऱ्याची किडनी जुळते, ती बसवली तर बाई अजून वीस वर्षं सहज काढतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "देणार म्हणजे काय, देणारच!" बाइंडर सगळ्यांसमोर म्हणाला आणि घरी येऊन मोरीत भडाभडा ओकला. आपलं पोट फाडणार या नुसत्या विचारानं त्याची गाळण उडे. नाही म्हणावं तर चारचौघांत छी-थू, आणि तिचे भाऊ तर कच्चं खातील.

तिनंच नको म्हटलं तर मात्र कुणाचं काही चालणार नव्हतं.

म्हणून त्यानं ग्रंथपाल बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मरणाची भीती जाईल असं काही आहे का हो?" बाईंनी अख्खं कपाटच दाखवलं. आत्मा, पुनर्जन्म, मागच्या जन्मीची नाती. पहिली कादंबरी बायकोनं दोन दिवसांत फस्त केली, रडरड रडली, आणि दुसरी मागितली.

चार महिन्यांत ती पार बदलली. आधी तिचा डोळ्याला डोळा लागत नसे. आता पुस्तक छातीवर ठेवून लहान पोरीसारखी झोपे. झोपेच्या गोळ्यांची बाटली फळीवर तशीच भरलेली राही.

"देह म्हणजे पुठ्ठा हो," ती म्हणे. "फाटला की नवा चढवायचा. आतली पानं तीच."

"अगदी खरं!" बाइंडर म्हणे, आणि पुढचं पुस्तक आणे.

ऑपरेशनला आठवडा उरला होता. दुपारी तो घरी आला तर तिनं स्वतः चहा केलेला. दोन कप, दोन्ही काठोकाठ.

"काल दवाखान्यात सही करून आले," ती म्हणाली. "ऑपरेशन नको. तुम्हाला कापून मी जगायचं? छे!"

बाइंडरच्या डोळ्यांत पाणीच आलं. सुटलो, सुटलो रे बाबा!

"अगं, असं काय करतेस," तो म्हणाला. फार जोर लावला नाही.

चहा भलताच गोड होता, तरी मागे कडवट चव राहत होती. आजारी बाईनं केलेल्या चहाला नावं कशाला ठेवा? त्यानं कप रिकामा केला. तिनंही आपला पूर्ण प्यायला. पिऊ दे बिचारीला, त्याला वाटलं. मग कितीतरी वेळ दोघं लग्नाच्या वेळच्या गमती आठवून हसत बसले. आज इतकं हलकं वाटत होतं की त्याला पेंगच येऊ लागली.

"आता कसलीच भीती नाही ना?" त्यानं जड जिभेनं विचारलं.

"एकच होती. चुकामुकीची." तिनं उशाशी रचलेल्या पुस्तकांवरून हात फिरवला. "सगळ्यांत तेच आहे बघा. एक जण मागे राहिला की जन्मोजन्म नुसती शोधाशोध. एकाच वेळी निघालं तरच पुढे भेट. तुम्ही एकामागून एक आणत होतात, मला मेलीला आधी कळेचना काय सुचवताय ते."

बाइंडरनं फळीकडे पाहिलं. बाटली आडवी पडली होती, रिकामी. तो उठायला गेला, पण पाय ऐकेनात.

"पडा इथंच, माझ्याजवळ," ती सरकून जागा करत म्हणाली. "तुम्ही हातपाय धूत होतात तेव्हाच दाराला आतून कुलूप घालून किल्ली खिडकीतून टाकलीय मी. मध्येच कुणी वाचवायला यायला नको."