बदाम खाणारं घर

संगमेश शेटेनं दाराबाहेर बूट काढले आणि फाइल छातीशी धरून तालमीत पाऊल टाकलं. तांबड्या मातीच्या हौद्यात दोन पोरी एकमेकींच्या मानेला हात घालून झुंजत होत्या. कडेला पोत्यावर बसून एक सत्तरीचा म्हातारा ताटातले बदाम निवडत होता.

"आकाराम चौगुले साहेब?"

"सायब न्हाय, पर आकाराम मीच. बसा की पावणं."

संगमेश बसला. याच माणसापर्यंत पोचायला त्यानं सहा महिने डोकं झिजवलं होतं. त्याची कंपनी पन्हाळा रोडला बंगले बांधत होती आणि श्रीमंत गिऱ्हाइकं हुडकायचं काम त्याच्याकडे होतं. बाकीचे विक्रेते मोठ्या गाड्यांच्या मागं धावत. संगमेशचं म्हणणं वेगळं. गाडी कर्जावर येते, खाणं रोखीनं येतं, तेव्हा खरा श्रीमंत स्वयंपाकघरात सापडतो. त्यानं सुकामेव्याच्या दुकानांतली आणि डेअऱ्यांतली बिलं मिळवली, त्यांवरचे मोबाइल नंबर कॉम्प्युटरला चारले आणि यादी काढली.

यादीत पहिला नंबर आकारामचा. महिन्याला चाळीस किलो बदाम, तीस किलो तूप, दुधाला तर गणतीच नाही. दुसऱ्या क्रमांकाचा माणूस याच्या पासंगालाही पुरत नव्हता.

यादी पाहून त्याच्या वरिष्ठ संयोगिता मॅडम म्हणाल्या होत्या, "शनिवारपर्यंत यातून एक तरी बुकिंग आण. नाहीतर यादी घेऊन कुरुंदवाडला जा."

कुरुंदवाडला वडिलांचं किराणा दुकान होतं. दुकान वाईट नव्हतं, पण संगमेशला ही नोकरी मनापासून आवडत होती. आणि आज शुक्रवार होता.

पत्त्यावर तालीम बघून तो आधी चमकला, मग त्याला उकळ्या फुटल्या. पदरची तालीम पोसणारा माणूस! पूर्वी हे काम राजेरजवाड्यांचं. म्हाताऱ्याच्या अंगात नुसती बंडी होती. पण कोल्हापुरात कपड्यांवर जाणारा विक्रेता उपाशी मरतो, एवढं संगमेशला कळत होतं.

"हे सगळं तुमचं?" त्यानं विचारलं.

"माझंच की. चाळीस वर्सं हितंच हाय."

"पोरींचं खाणंपिणंसुद्धा?"

"बघाय पायजेच की कुनीतरी. बारा जनी हायत्या. ती निळ्या कपड्यातली शिवांजली, गगनबावड्याची. आली तवा वाऱ्यानं पडंल अशी हुती."

तेवढ्यात शिवांजलीनं समोरचीला उचलून मातीत घातलं. संगमेशनं फाइल बाजूला टाकून टाळ्या वाजवल्या. किती वर्षांनी कुस्ती बघत होता तो! म्हाताऱ्यानं खुशीत येऊन थंडाईचा पेला त्याच्या हातात दिला.

"तुमची कंपनी लई मोठी असंल?"

"तीन शहरांत आहे."

"मालक दिलदार हाय का?"

"आहेत की."

"कुस्तीचा नाद?"

"लहानपणी होता म्हणतात."

"व्हय का," म्हणत आकारामनं एक किडका बदाम फेकून दिला.

संगमेशला बरं वाटलं. मोठं गिऱ्हाईक मालकाची चौकशी केल्याशिवाय पैसा लावत नाही. त्यानं ब्रोशर उघडून बंगल्यांचे फोटो दाखवायला सुरुवात केली.

बाहेर दोन मोठ्या गाड्या थांबल्या. कडक इस्त्रीचे तिघंजण आत आले, माती कपाळाला लावून बाकड्यावर बसले. एकानं तुपाचा डबा आकारामपुढं ठेवला. तो नमस्कार करून परत बाकड्याकडं गेला.

"तुमची माणसं?" संगमेशनं हळूच विचारलं.

"आपलीच."

आता उशीर करण्यात अर्थ नव्हता. संगमेशनं पेन काढलं. "मग एक बंगला तुमच्या नावावर धरू?"

आकारामनं फोटो जवळून पाहिला. "झ्याक हाय. पर मी ह्या वरच्या माळ्यावर झोपतो रं. झाडलोट करतो, पोरींचं बघतो. पगार बी न्हाय मला."

संगमेशनं पेनाला टोपण लावलं. कुरुंदवाडचं दुकान डोळ्यांपुढं आलं. "मग ती बिलं? सगळी तुमच्याच नंबरवर आहेत."

"बदाम सगळी पेठ देती. कुनी किलो, कुनी पावशेर. पर दुकानात नंबर माझाच सांगायचा, अशी मी ताकीद दिलिया."

"पण का?"

"त्याबिगर तुमच्यासारखी मानसं आपल्या पायानं तालमीत कशाला येतील?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "पयला गाडी इकनारा आला. मग बँकवाला, मग हिरेवाला. माझ्यापाशी त्यांचं काय खपलं न्हाय, पर कुस्ती बघून गेली ती आपापल्या मालकाला घिऊन आली. आता त्ये मालक दर शुक्रवारी येत्यात, तूप आनत्यात, दोस्त आनत्यात. म्हैन्याभरात तुझा बी मालक हितं बसंल."

त्यानं बदामांचं ताट खाली ठेवलं आणि संगमेशच्या हातातलं ब्रोशर काढून बाकड्यावरच्या तिघांकडं वळला.

"बोल, बंगलं किती हायत तुझ्याकडं?"