ओलावा

कारंजा गावातल्या एका स्टार्टअपमध्ये सुकेशनी शेतकऱ्यांचे फोन घ्यायची. जमिनीचा ओलावा सांगणारं कंपनीचं यंत्र कोरडं रानही ओलं दाखवत होतं. तरुण मालक ‘मला नावानंच हाक मारा’ म्हणायचा. पण चूक शेतकऱ्यावरच ढकला, असंही बजावायचा. तो मागे उभा असतानाच नानाजी नावाच्या शेतकऱ्याचा फोन आला. “पोरी, तुमची मशीन ओल सांगून राह्यली अन् हरभरा तं सुकून राह्यला.” “काका,” सुकेशनी म्हणाली, “मशीनच चुकते. आजच पाणी द्या.” मालक हसला. “उद्यापासून येऊ नकोस.” कुणीच मान वर केली नाही. ती जिना उतरली, तेव्हा शेजारी बसणारा किशन धावत आला. तिला बरं वाटलं. “मालकानं तुयं कार्ड मागतलं,” तो खाली बघत म्हणाला. तिनं ते गळ्यातून काढून दिलं. वर फोन वाजत होता. “जाय,” ती म्हणाली. “शेतकऱ्याले खरं सांगजो.”