लाल गोलाचा मध्य

विश्रामगृहाच्या जेवणघरात आकडेबाईंनी हरणांच्या मोजणीचा नकाशा टेबलावर पसरला.

रानात हरीण दिसलं की एक ठिपका. ठिपके दाट तिथे लाल, विरळ तिथे पिवळं, काहीच नाही तिथे पांढरं. संगणकाने रंग कसे गुबगुबीत भरले होते. फक्त त्यातल्या एकुलत्या लाल गोलाचा मध्य बाईंनी काढला, तर तो थेट याच जेवणाच्या टेबलावर पडत होता.

"मामा, मी चिठ्ठ्या टाकून सरळ रेघा आखून दिल्या होत्या. वाटेत डोंगर आला तरी सोडायचा नाही, रेघेवरून चालत हरणं मोजायची."

मोजणीवाल्यांचे म्होरके मामा दातात काडी घालत म्हणाले, "रेघा झकास होत्या हो. पण तो चढ बघितलात का? आमचे गुडघे काय सरकारने दिलेत? इथेच बसून मोजली. खिडकीतून दिसतात की मस्त."

"आणि डोंगरावरची?"

"गेलोच नाही तर लिहिणार काय? कोरं सोडलं. खोटं नाही हं लिहिलं!"

मामांचा प्रामाणिकपणा नुसता उतू जात होता.

तेवढ्यात वनखात्याचे साहेब आले. डोंगरात खाणवाले सुरुंग भरून तयारच बसले होते, 'इथे हरणं नाहीत' म्हणून साहेबांची सही तेवढी राहिली होती. नकाशा बघून साहेब खुलले. "वा! डोंगर पांढराफटक. म्हणजे एकही हरीण नाही."

"तसं नाही, साहेब. म्हणजे आपल्याला माहीत नाही. तिथे कुणी फिरकलंच नाही."

"मग माहीत नसल्याचा रंग कोणता?"

"करडा. मी करडा करून देते. आठवडाभर थांबा, मी स्वतः चढते."

"अहो बाई, करड्या रंगावर सही होत नाही."

पांढऱ्यावर झाली. साहेबांनी फोन लावला. "हं, उडवा."

काचा थडथडल्या. पेल्यातलं पाणी नकाशावर सांडलं. आणि मग डोंगराला पाय फुटावेत तशी हरणं खाली आली. शिंगात शिंगं अडकलेली, धुळीने माखलेली, एकमेकांना तुडवत कुंपणावरून अंगणात, अंगणातून ओसरीवर. एक पाडस तर दारातून आत घुसलं आणि टेबलाखाली जाऊन बाईंच्या पायाला चिकटलं. लटलट कापत होतं.

मामांच्या तोंडातली काडी गळून पडली.

"बघा, बघा!" साहेब खिडकीत उभे राहून टाळ्या पिटत होते. "सगळी ऐन लाल गोलात! आणि तुम्ही आपल्याच नकाशावर संशय घेता?"

बाईंना पाय हलवता येईना, पाडस बिथरलं असतं.

साहेबांनी नकाशावरचं पाणी रुमालाने टिपलं, लाल पेन बाईंच्या हातात दिलं आणि मायेने म्हणाले,

"जरा गडद करा, बाई."