पाठीवरची भोकं

सावडीला, म्हणजे औतापुरता आपल्या बैलाच्या जोडीला, नेलेला बैल कोंडिबानं आठ दिवसांनी परत आणला. बैलाच्या पाठीवरून फिरणारा तानूमावशीचा हात थबकला. गाठीच गाठी, आणि प्रत्येक गाठीला भोक!

"हाकताना टोकदार पराणी टोचलीस माझ्या लेकराला?"

"आईच्यान, मावशी, हातातसुद्धा धरली नाही!"

त्याला खोटं पाडायला तिनं गुरांच्या डॉक्टरलाच बोलावलं. डॉक्टरनं गाठ दाबली, तशी भोकातून बोटाच्या पेराएवढी अळी वळवळत बाहेर आली.

"माशीनं पायाच्या केसांवर अंडी घातली. अळ्या आत शिरल्या, कित्येक महिने अंगातून चालत पाठीवर पोचल्या. ही भोकं त्यांनी श्वासासाठी पाडलीत."

रोज तीच पाठ खाजवणारी मावशी पुढं वाकली. मग दुसऱ्या भोकाला तिनं डोळा लावला.

"कोंडिबा, ये," ती कुजबुजली. "माझ्या लेकराच्या पाठीत कुणाचं तरी लेकरू श्वास घेतंय."