जुळा पेला

तैवानमधल्या पायवान आदिवासींच्या त्या डोंगरगावात लग्न असो की लेकीचं माहेरपण, राळ्याची दारू दोन वाट्यांच्या जुळ्या लाकडी पेल्यातूनच प्यायची. दोघांनी गालाला गाल लावून एकदमच ओठ टेकवायचे, नाहीतर एका बाजूची सांडते.

साथ आली तशी गावप्रमुख झेपुलनं पुलावर बांबू आडवा टाकला. इस्पितळात नर्स असलेली तिची लेक मुनी सणाला शहरातून आली, तर तिलाही पलीकडेच थोपवलं.

"आई, एक घोट तरी! मी काय परकी आहे?"

"परक्याला पिटाळणं सोपं असतं गं भवाने! तुला आत घेतलं तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडानं अडवू? साथ सरू दे, मग पिऊ पोटभर."

"तोवर माझी बाजू कुणाला देऊ नकोस हं!" मुनी हसली अन् आल्या पावली परतली.

गावात एकाही म्हाताऱ्याला साधा ताप आला नाही.



मुनीचा अस्थिकलश पुलाशी आला, तेव्हा झेपुलनं स्वतःच्या हातानं बांबू उचलला, कलशाला गाल लावला आणि पेला कलता केला; लेकीची बाजू मातीत सांडली.