नदीपलीकडची भेट

बिबट्याने आठवड्यात दोन गाई मारल्या, तेव्हा सरपंच अभिमननाना नदी ओलांडून हाशमभाईच्या वस्तीवर गेले. जनावर काठावरच्या उसात दडले होते. दोन्ही काठांनी एकदम राखण केली तरच ते हटणार होते. पण गाव आणि वस्तीचे बोलणे वर्षभर बंद होते.

मागच्या वर्षी वस्तीवरच्या बकऱ्या एकेक करून जात होत्या आणि हाशमभाई हीच मदत मागायला नानांच्या दारी आला होता. नाना चपला दारातच टाकून आतल्या खोलीत श्वास रोखून बसले. त्यांची बायको ताईबाई दारातूनच म्हणाली, "ते साक्रीला गेलेत."

आज खाटेवर टेकता टेकता नानांनीच विषय काढला. "त्या दिवशी मी साक्रीला होतो, हाशमभाई. नाहीतर आलोच असतो."

"हा ना. ताईअक्कानी सांगेल व्हतं," हाशमभाई चहाचा कप पुढे करत म्हणाला. "आठ जण येतीन, नाना. आज सांजपासून."

ना अट, ना टोमणा. नानांचा जीव भांड्यात पडला.

निघताना दारात चपला दिसेनात. हाशमभाईने त्या आतल्या खोलीतून आणल्या आणि वाकून नानांच्या पायाशी ठेवल्या.

"आत कशाला नेल्यास रे?"

"चपला बाहेर दिसन्यात का मानूस घरमा शे, हाई समदासले समजस, नाना."

नानांना त्या चपलांत पाय घालवेना.