पाणी मुरतंय कुठे?

"आजही नापास," काचेची नळी उजेडात धरून पाण्याचा तपासनीस म्हणाला. औषधाचे थेंब टाकूनही पाणी जसंच्या तसं होतं. "क्लोरीन असतं तर पिवळं झालं असतं. उद्या पुन्हा यावं लागणार, बाई."

"या की," शिवणाच्या बाई मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "माझ्या नळाला आता परीक्षेची सवय झालीय."

बाईंचं घर पाइपलाइनच्या अगदी टोकाला. टाकीतून निघालेलं क्लोरीन वाटेत झिजत झिजत येतं, म्हणून तपासणी शेवटच्या घरी. पास झालं की महिन्यातून एक फेरी, नापास झालं की रोज. तीन आठवडे तो रोज येत होता. खरं तर पाणी त्याने स्वतः नळावरून घ्यायचं, पण "बूट घालून तुमच्या स्वयंपाकघरात कुठे येऊ?" म्हणत तो दारातल्या खुर्चीतच ठाण मांडायचा. बाई आतून पेला आणून द्यायच्या. मग तासभर गप्पा. मुलगी सासरी गेल्यापासून बाईंच्या घरात इतकं हसणं झालं नव्हतं.

पेल्यातलं पाणी मात्र आदल्या दिवशीचं असे. बाईंचे यजमान हयातभर पाणी सोडायच्या कामावर होते. पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं, हे बाईंना तोंडपाठ होतं. नळात काही खोट नव्हती. लबाडी बाईंची होती, आणि ती त्यांना फार गोड वाटत होती.

"साहेब तापलेत," निघताना तो म्हणाला. "म्हणतात, तुझ्याच कामात कुठेतरी पाणी मुरतंय. उद्या नापास आलं तर माझी खरडपट्टी ठरलेली."

त्या रात्री बाईंनी पेला भरून ठेवला नाही. आपल्या घटकाभराच्या सुखापायी भल्या माणसाने बोलणी खायची? दुसऱ्या दिवशी तो आल्यावर त्यांनी पेला सरळ नळाखाली धरला. महिन्यातून एकदा तर एकदा, असं मनाला बजावत त्या बाहेर आल्या.

थेंब पडले. पाणी बघता बघता पिवळंधमक झालं. बाईंना रडू येईलसं वाटलं. त्यांनी मशीनवरचा दोरा उगाचच तोडला.

तपासनिसाने नळी उजेडात धरली, एक डोळा मिटून नीट निरखली आणि वहीत लिहिलं.

"नापास," तो म्हणाला. "उद्या पुन्हा यावं लागणार, बाई."